मेलेली स्पष्ट, जिवंत धूसर

वीजवाल्यांनो, वीज तुम्ही घालवलीत. वर जाहीरही केलंत की शनिवारी असाफो भागात दिवे जाणार नाहीत. तेव्हा त्या पहाटेचं खापर फोटोवालीच्या डोक्यावर फोडू नका.

फोटोवाली म्हणजे आफ्रिये. कुमासी शहरात मयतीचे फोटो काढते. लग्नाचा फोटो कपाटात जातो, मयतीचा दिवाणखान्यात लागतो, म्हणून लोक इथे मरताना जास्त चोखंदळ. आग्येकुम घराण्याची थोरली बाई गेली, आणि कुळाचे प्रमुख नाना आग्येकुम यांनी आफ्रियेला एकच फोटो सांगितला: पितळी पलंगावर गेलेली बहीण, मागे सगळं कूळ. तो जमला तर पुढची सगळी मयतं तिची. फसला तर अख्ख्या असाफोत तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

ती नवा मिररलेस कॅमेरा घेऊन बोआडीच्या लेन्सच्या दुकानात गेली.

"फ्लॅश मार की," बोआडी म्हणाला.

"नाना नको म्हणतात. मागच्या मयतीत फ्लॅश पडला आणि प्रेताच्या गळ्यातलं सोनं पितळ निघालं."

बोआडी पोट धरून हसला. मग त्यानं काचेवर दोन लेन्स मांडल्या. एक पस्तीस मिलिमीटरची, तोंड १.८ पर्यंत उघडणारी, हलकी, साधी. दुसरी पन्नासची, १.२ ची, हातात घेतली की वरवंटाच.

"ही १.२ वाली मेणबत्तीतही बघते. पण तोंड पूर्ण उघडलं की एकाच माणसावर जीव टाकते, बाकीचे धुक्यात. पस्तीसचीवर अंधारात फोटोत दाणे येतील, पण सगळे ओळखू येतील. बाई, सरळ सांगतो. वीजवाल्यांवर भरवसा असेल तर पस्तीसची घे."

"आणि नसेल तर?"

"तर विचारतेस कशाला?"

आफ्रियेनं वरवंटा घेतला. दाणे म्हणजे गरिबी, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. तुमच्यावर अविश्वास दाखवायला तिनं गावातली सगळ्यात महागडी काच निवडली. तुम्ही तिला खोटं पाडलं नाहीत.

शनिवारी पहाटे कूळ पलंगामागे उभं राहिलं, एकाच थानाच्या लाल-काळ्या कापडात. आफ्रियेनं कॅमेरा उचलला आणि दिवे गेले. जनरेटर होता, पण तो बाहेरच्या कर्ण्यांसाठी. घोषणा करणाऱ्याचा आवाज थांबला असता तर मयतीची शोभा गेली असती, म्हणून प्रेताच्या वाट्याला चार मेणबत्त्या आल्या.

"काढ गं, काढ! लोक खोळंबलेत!" नाना ओरडले.

तोंड पूर्ण उघडलं. फोकस कुणावर? पोरं डुलत होती, बायका रडत होत्या, नाना मान वळवून कुणालातरी दटावत होते. न हलणारं एकच माणूस होतं. आफ्रियेनं त्याच्यावर फोकस केला.

दफनानंतर फोटो मोठा करून आला. पलंगावरच्या बाईची पापणी न् पापणी मोजून घ्यावी, ओठ तर आता हाक मारतील असे. तिच्यामागे लाल-काळी भुतं.

नानांनी त्या धुक्यात स्वतःला शोधलं. "यात मेलंय कोण? ती की मी?"

"पुन्हा काढते, नाना," आफ्रिये पुटपुटली.

"पुन्हा? तिला उकरून आणू?"

"पलंगावर दुसरं कुणी झोपलं तर?" एक भाचा म्हणाला.

प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. कोपऱ्यातली म्हातारी पोफूआत्या दातकाडी चावत म्हणाली, "नानांनीच झोपावं. नाहीतरी पुढचा नंबर त्यांचाच."

बायका कापड तोंडावर धरून हसल्या. नाना हसले नाहीत. मेलेल्या बाईची मुलगी सेर्वा फोटो छातीशी धरून म्हणाली, "आई इतकी नीट मला जिवंतपणी दिसली नव्हती. हा मला द्या." नानांनी तो तिच्या हातातून काढून आफ्रियेच्या हातात कोंबला. "वर्षश्राद्धाला दुसरा फोटोवाला बघतो. फ्लॅशवाला."

आफ्रिये घरी गेली नाही. तो फोटो घेऊन ती थेट तुमच्या कचेरीत आली आणि खिडकीच्या पाटावर ठेवला. आतल्या साहेबानं चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हं. १.२ वर काढलाय ना? चूक तिथेच झाली, बाई. मी असतो तर पस्तीसची घेतली असती."

"लेन्सचं माझं मी बघते, साहेब," ती म्हणाली. मागची रांग पुढे सरकली. "दिवे जाणार नाहीत असं सांगून ते का घालवलेत, तेवढं सांगा. कारण कळल्याशिवाय मी इथून हलत नाही."