लेकफर्डची बाजू

शुक्रवारी दुपारी जेवून आल्यावर सुबोधने खुर्ची विवेककडे वळवली आणि म्हणाला, "आज बाजू बदलू या. लेकफर्ड तू घे."

"मी? लेकफर्ड?"

"शेवटचा दिवस आहे माझा, राव. एवढं तरी ऐक."

दोघं सिंगापुरात, तोआ पायोहमधल्या एका लहान कंपनीत कामाला होते. अमेरिकेतल्या बेसबॉल सामन्यांचे प्रीव्ह्यू लिहून अ‍ॅपना आणि वर्तमानपत्रांच्या साइटना पुरवायचे, हा कंपनीचा धंदा. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा सिंगापुरात दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. त्यामुळे अमेरिका झोपलेली असताना इथे बसून उद्याचं भाकीत लिहायचं आणि तिकडचे लोक उठायच्या आत पाठवून द्यायचं. विवेक पूर्वी पुण्यात एका दैनिकाच्या क्रीडा पानावर होता. बेसबॉल तो परीक्षेचा अभ्यास करावा तसा शिकला. सुबोध मुंबईहून, जाहिरातीच्या धंद्यातून आलेला. त्याला बेसबॉल पूर्ण कधीच कळला नाही, आवडला मात्र पहिल्या दिवसापासून.

दोघांचं मिळून एक सदर होतं, 'दोन बाजू'. दोन संघांसाठी दोन लेखक. आपापल्या संघाचं वकीलपत्र घ्यायचं, त्याच्या उणिवा लिहायच्या नाहीत. उणिवा दाखवायला समोरचा बसलेलाच आहे. शेवटच्या ओळीत कोण जिंकणार ते सांगून मोकळं व्हायचं. मिलहेवन आणि लेकफर्ड हे एकाच विभागातले जुने वैरी. एका मोसमात ते पुन्हा पुन्हा भेटत, आणि ते भेटले की 'दोन बाजू' छापून येई. मिलहेवन कायम विवेककडे, लेकफर्ड सुबोधकडे. लेकफर्ड बहुतेक वेळा हरायचं आणि सुबोध पुढच्या खेपेला तितक्याच जोमाने लिहायला बसायचा. "माझी पोरं आहेत ती," म्हणायचा. "दुसरं कोण लिहिणार त्यांच्यासाठी?"

उद्या सकाळी या दोन संघांची मोसमातली शेवटची गाठ होती. दोघांचे विजय सारखेच झाले होते. उद्या जिंकेल तो विभागात पहिला.

आणि आज सुबोधची नोकरी संपत होती. कंपनीला चौघांतला एक लेखक कमी करायचा होता. विवेक पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी; त्याची नोकरी गेली असती तरी इथेच राहून दुसरी शोधायला त्याला सवड होती. सुबोधचा इथे राहायचा पास नोकरीलाच बांधलेला. महिन्याभरात त्याला देश सोडायचा होता, आणि त्याची मुलगी जाई हिची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. विवेकच्या बायकोने, उल्काने, आपणहून फोन केला होता. "परीक्षा होईपर्यंत जाईला बिशानला आमच्याकडे राहू दे. आमची ऋता आहेच तिच्या सोबतीला." सुबोधची बायको अनघा नको म्हणाली. कारण दिलं नाही. जाई बुकित तिमाहला अनघाच्या कुणा मैत्रिणीकडे राहणार, असं ठरलं, आणि ती तिकडे राहायला गेलीही. उल्काला ते फार लागलं. "एवढं परकं केलं आपल्याला?" असं ती दोन-तीनदा म्हणाली.

अनघाच्या नकाराचं कारण विवेकलाही माहीत नव्हतं. शंका मात्र होती.

महिन्यापूर्वी त्यांची संपादक ग्रेस टेओ त्याला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, कॉफीला घेऊन गेली होती. कॉफी ढवळता ढवळता तिने विचारलं, "सुबोधबद्दल तुझं मत काय? खरं सांग हं." माणूस कमी होणार अशी कुजबुज तेव्हा ऑफिसात सुरू झाली होती. ती विवेकच्याही कानावर होती. तरीही तो प्रीव्ह्यू लिहावा तसा बोलत गेला. आधी जमेच्या बाजू: भाषा जिवंत, वाचकांची पत्रं त्यालाच जास्त येतात. मग उणिवा: मजकूर उशिरा देतो, तपशिलात चुकतो, एकदा तर दुखापतीमुळे घरी बसलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, मजकुरात मैदानात उतरवलं होतं. आणि शेवटी एक वाक्य, "सुरुवात भेदक करतो, मात्र उत्तरार्धात थकतो." ग्रेसने ते फोनवर टिपून घेतलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. परत वर येताना विवेकला आपल्या समतोलपणाचं बरंही वाटलं होतं. आता त्याला तेच सगळ्यात जास्त टोचत होतं.

"बरं, घेतो लेकफर्ड," विवेक म्हणाला आणि लिहायला बसला.

लेकफर्डचा उद्याचा पिचर होता कॉरिगन. अडतीस वर्षांचा, डावखुरा, केसांत पांढरं डोकावू लागलेला. विवेकने त्याच्याबद्दल आजवर विरुद्ध बाजूने पुष्कळ लिहिलं होतं. आता त्याच्या बाजूने लिहायचं तर हात चालेना. कॉरिगनचा चेंडू अखेरच्या क्षणी वळतो, असं लिहिलं की पाठोपाठ 'मात्र' यायचं. लेकफर्डचे फलंदाज घरच्या मैदानावर खुलतात, असं लिहिलं की पुन्हा 'मात्र'. त्याच्या या सवयीवरून सुबोध त्याला 'मिस्टर हाऊएव्हर' म्हणायचा. विवेकने दोन परिच्छेद लिहिले, वाचले, आणि उठून सरळ ग्रेसच्या केबिनमध्ये गेला.

"सुबोधचं काही करता येईल का?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

ग्रेसने चष्मा काढला. "आता? कागद केव्हाच गेलेत, विवेक."

"त्या दिवशी मी तुला जे सांगितलं, ते अपुरं होतं. तो नसेल तर ते सदर कुणी वाचणार नाही. नवीन पोरांना तोच शिकवतो. लेकफर्डचे चाहते रोज त्याची वाट बघत असतात."

"हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"तू खरं सांग म्हणालीस."

ग्रेसने चष्मा टेबलावर ठेवला. ती वाईट बाई नव्हती. "मी चौघांबद्दल चौघांच्या मित्रांना विचारलं," ती म्हणाली. "मित्र वाढवूनच सांगणार, हे धरलं होतं. म्हणून प्रत्येकाच्या बोलण्यातलं अर्धं कौतुक वजा केलं. तुझ्याही. मला काय माहीत, तू आधीच वजा करून आणलंयस! दुसरं काय करणार लाह?" इथल्या सगळ्यांसारखं तिच्याही वाक्याच्या शेपटाला 'लाह' असायचं.

विवेक दाराकडे वळला आणि मग थांबला.

"माझ्याबद्दल कुणाला विचारलंस?"

"कुणाला विचारणार? सुबोधला. बोलायचा थांबेचना. शेवटी मीच म्हटलं, पुरे. अर्धं वजा केलं तरी खूप उरलं."

विवेक जागेवर आला तेव्हा सुबोध त्याच्या खुर्चीत बसून पडद्यावरचे दोन परिच्छेद वाचत होता.

"अरे, हे काय? वकीलपत्र घेतलंयस की निकाल देतोयस?" तो हसत म्हणाला. "लेकफर्डवाल्यांनी हे वाचलं तर मैदानावर येणारच नाहीत. घरी बसतील."

"नाही जमत मला."

"जमेल. हे बघ, पहिलं हे वाक्य उडव." सुबोधने पडद्यावर बोट ठेवलं. "'कॉरिगन सुरुवात भेदक करतो, मात्र उत्तरार्धात थकतो.' किती वर्षं लिहितोयस रे हे? त्याच्या आईनेसुद्धा पाठ केलं असेल."

विवेकने हसायचा प्रयत्न केला. सुबोधने बोट काढलं नाही.

"मलाही वाचून दाखवलं ग्रेसने," तो त्याच आवाजात म्हणाला. "शेवटच्या मीटिंगमध्ये. कुणी म्हटलं ते नाही सांगितलं तिने. पण सात वर्षं तुझा मजकूर वाचतोय मी, विवेक्या. फोनवर आवाज ओळखावा तसं ओळखलं."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी प्रिंटर सुरू केला.

"सुबोध, मला..."

"थांब. खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. घरी बसलेल्या पिचरला मीच मैदानात उतरवलं होतं, तू नव्हे. अनघा चिडली, तिला मी हेच सांगितलं. तिला नाही पटलं, तो भाग वेगळा." सुबोध खुर्चीतून उठला. "मला फक्त वाटायचं, कधी वेळ आली, कुणी विचारलं, तर माझ्या वेळेला तू लेकफर्ड घेशील."

विवेकने खूप शब्द जमवले होते. ग्रेसकडे जाऊन आलो, असं सांगावं असं त्याला वाटलं. पण निकाल लागून गेल्यावर केलेली ती धावपळ, आता ती सांगणं म्हणजे आपलीच बाजू मांडणं झालं असतं. "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला.

"हं," सुबोध म्हणाला. "चल, लिही. पाचला पाठवायचंय. आज तरी वेळेत देऊ."

विवेक लिहीत गेला. कॉरिगनचं वय त्याने अनुभव म्हणून लिहिलं. त्याच्या थकण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हा माणूस उद्या शेवटपर्यंत टिकेल, लेकफर्ड जिंकेल, असं लिहून त्याने खाली नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा मजकूर एका बाजूला कलला होता, आणि तो कुणी तपासू नये असं त्याला वाटत होतं. सुबोधने मिलहेवनचा मजकूर वेळेआधी दिला. त्यात एका खेळाडूचं आडनाव चुकलेलं होतं. एरवी विवेकने हाक मारून दाखवलं असतं. आज त्याने ते गुपचूप दुरुस्त केलं आणि पाठवून दिलं.

लिफ्टपाशी सुबोधच्या हातात पिशवी होती. पिशवीत मग, हेडफोन आणि लेकफर्डची निळी टोपी.

"विमानतळावर येतो मी सोडायला," विवेक म्हणाला.

"नको रे. अनघा असेल." लिफ्टचं दार उघडलं. सुबोध आत गेला आणि टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "सकाळी बघ मॅच. माझी पोरं या वेळी तुझ्या भरवशावर आहेत."

शनिवारी सकाळी विवेक बिशानच्या घरात टीव्हीसमोर बसला. उल्काने चहा आणून ठेवला. आजवर या दोन संघांचा सामना असला की त्याचा फोन सारखा वाजत असे. प्रत्येक इनिंगला सुबोधचा एक मेसेज ठरलेला: शिव्या, नवस, टोपीचा फोटो. आज फोन चहाच्या कपाशेजारी नुसता पडून होता.

पाचव्या इनिंगपर्यंत धावफलक कोरा होता. एरवी याच सुमाराला कॉरिगनचा खांदा उतरायला लागे आणि लेकफर्डचा प्रशिक्षक राखीव पिचरला बोलावून घेई. आज बोलावलं नाही. सहावी गेली, सातवी गेली. मिलहेवनने एक धाव काढली, लेकफर्डने लागोपाठ दोन. नऊपैकी आठव्या इनिंगचा शेवटचा चेंडू टाकून कॉरिगन बाहेर निघाला तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि विवेकच्याही तोंडून मोठ्याने "शाब्बास!" निघालं.

आतल्या खोलीतून ऋता ओरडली, "पप्पा, सो लाउड लाह! आज सॅटरडे आहे."

लेकफर्ड दोन-एकने जिंकलं. नऊ वर्षांनी विभागात पहिलं आलं. विवेकने लगेच मेसेज टाकला, 'टिकला रे कॉरिगन! आठ इनिंग!' मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या, म्हणजे त्याने वाचला होता. उत्तर आलं नाही. त्याने चहा प्यायला, टीव्ही बंद केला, पेपर चाळला. पुन्हा फोन बघितला.

उत्तर आलं तेव्हा उल्का बाजारात निघायच्या तयारीत होती. सुबोधने लिहिलं होतं, 'पाहिलं. तुझा अंदाज बरोबर आला. तुझे येतातच.'

विवेक ते वाचत उभा राहिला. खाली काहीतरी लिहायला त्याने सुरुवात केली, पुसलं, पुन्हा केली.

"कोण, सुबोधभावजी का?" उल्काने पिशवी शोधत विचारलं. "काय म्हणतायत?"

"काही नाही. अंदाज बरोबर आला म्हणतोय."

"मग छानच की," उल्का म्हणाली. "चल, येतोस का? जाईला आवडतात म्हणून ती रामबुतानची फळं घेऊ थोडी. पोचवून येऊ बुकित तिमाहला."

"नको," विवेक म्हणाला. आणि मग, ती वळून बघायला लागली तेव्हा, "तू जा. तुला नाही अडवणार अनघा."