सोनूबाईंची गारगोटी आणि मी

मी एक जुना दगड घासायचा डबा आहे. संघप्रियाच्या इंग्रजी पुस्तकात माझ्यासारख्यांना 'टंबलर' म्हटले आहे. तिची आज्जी सोनूबाई मला 'गणपाचा खुळखुळा' म्हणत. शेजारच्या शालूबाई मला काय म्हणत, ते मुलांसमोर सांगण्याजोगे नाही. मित्रांनो, मी आता फिरत नाही. कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांच्या एका घरात माळ्यावर पडून आहे आणि त्याचे मला फारसे दुःखही नाही. एकेका खेपेला महिना महिना, दिवसाचे चोवीस तास, पोटात दगड घेऊन मी फिरलो आहे. ज्याने एवढे फिरावे, त्याला पडून राहायला मिळाले तर तक्रार कशाला करायची?

माझा जन्म १९९८ सालचा. मला घडवणारे गणपती, म्हणजे संघप्रियाचे वडील, कोल्हापुरातल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे टर्नर होते, लेथ यंत्रावर लोखंड कातायचे. त्या वर्षी कारखाना बंद पडला. पन्नाशीला दोन वर्षे कमी असताना ते घरी बसले. तरी रोज सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि मग कॉटवर बसून राहायचे. चहा समोर निवून जायचा. सोनूबाई, म्हणजे त्यांची आई, नुसती बघायची. एकदा म्हणाली, "गणपा, हात रिकामं ठिवू नकोस. रिकामं हात माणसाला खात्यात." पण लेथवर सूतभर चूक न करणाऱ्या हातांना घरात काम ते कसले देणार!

त्यांची मुलगी संघप्रिया कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. एका दुपारी तिने एका पुस्तकाची झेरॉक्स आणली. ओबडधोबड दगड घरच्या घरी गुळगुळीत कसे करावेत, याची नवशिक्यांसाठी माहिती होती. तिने मराठीत सांगायला सुरुवात केली. एक पिंप, दोन रूळ, एक मोटर, आत दगड, पाणी आणि खरखरीत पूड. नदी जे काम हजारो वर्षांत करते ते हा डबा महिन्याभरात करतो. गणपती ऐकता ऐकता सरळ बसले.

"एवढंच व्हय? हे तर मी दोन दिसांत करतो की!"

लागले मात्र अकरा दिवस. भंगारातून जाड लोखंडी पाइपचा तुकडा आला, तो मी. मित्र जोतीराम यांच्या वर्कशॉपमध्ये माझी तोंडे लेथवर साफ झाली. झाकणाला चार बोल्ट आले. खाली दोन रूळ, बाजूला जुनी मोटर आणि पट्टा. आतून मला ट्रकच्या ट्यूबचे अस्तर लावले, पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवून. त्या अस्तराची दोन टोके जिथे मिळत होती, तिथला सांधा मात्र नीट बसला नाही. नखाचे टोक शिरेल एवढी फट राहिली. गणपतींच्या नजरेतून ती सुटली. मला ती कळत होती, पण डब्याला तोंड असून बोलता कुठे येते? माझ्या हातून पुढे जे पाप घडले, त्याचे मूळ त्या फटीत आहे.

पहिल्या खेपेला गणपतींनी पन्हाळ्याच्या वाटेवरून दगड वेचून आणले. गारगोट्या आणल्या आणि रंग आवडला म्हणून तांबड्या जांभ्याचे तुकडेही आणले. सगळे एकत्र घालून मला फिरवले. गारगोटी कठीण, जांभा मऊ. तीन दिवसांनी झाकण उघडले तर आत तांबडा चिखल! जांभा पार विरघळून गेला होता. त्यांनी तो चिखल न्हाणीत ओतला. दुसऱ्या दिवशी तो गटारात सिमेंटसारखा बसला आणि पाणी शालूबाईंच्या दारात तुंबले.

"ओ गणपतीभाऊ! नोकरी गेली म्हणून आता आमच्या दारात धरण बांधायलायसा व्हय?"

गणपतींनी दोन तास सळईने गटार मोकळे केले. माझ्या आठवणीत ते त्या दिवशी महिन्याभराने पहिल्यांदा हसले.

हळूहळू ते शिकले. कठीण दगड कठीण दगडांबरोबरच घालायचे. डबा पाऊण भरायचा, त्याहून कमी नको आणि जास्त नको. आधी आठ-दहा दिवस जाड पूड. ही इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची काळी पूड जोतीरामांकडून यायची. मग सारे धुऊन तेवढेच दिवस मध्यम, मग बारीक. शेवटी चष्म्याच्या काचा घासणाऱ्या दुकानातली गुलाबी पूड, तिने चकाकी यायची. दोन पायऱ्यांच्या मध्ये दगड आणि डबा इतका धुवायचा, की आधीच्या पुडीचा एक कण मागे राहता कामा नये. एक जाड कण राहिला तरी तो शेवटपर्यंत ओरखडे काढत बसतो. वाट बघणे हेच या छंदाचे निम्मे काम. गणपतींना वाट बघायला आता भरपूर वेळ होता.

बुद्धपौर्णिमेच्या आधी पहिली चांगली रास माझ्यातून निघाली. दुधी, मधाळ, काही पट्ट्यापट्ट्यांच्या गारगोट्या. माझ्या फटीत अजून फारशी पूड साठली नव्हती, म्हणून त्या वाचल्या. संघप्रियाने त्यातल्या पाच बुद्धमूर्तीपुढे वाटीत ठेवल्या. गल्लीतली माणसे बघायला आली. शालूबाईसुद्धा एक दगड उचलून, "दळण दळल्यागत आवाज करतंय मेलं, पर दगड ग्वाड काढतंय," असे म्हणाल्या. माझ्या आयुष्यातले कौतुक म्हणावे ते एवढेच.

मग सोनूबाईंच्या दगडाची गोष्ट आली.

सोनूबाई तरुणपणी खडी फोडायला जात. पायांत दगड धरायचा, हातोडी मारायची, खडी करायची, दिवस मावळेपर्यंत. एकदा त्यांच्या वाट्याला लिंबापेक्षा थोडी मोठी, निळसर राखी गारगोटी आली. सकाळभर मारली तरी फुटेना. हातोडीचा दांडा मोडला, गारगोटीवर मात्र चंद्रकोरीसारखी पांढरी खूण उठली, बस्स. मुकादम हसून म्हणाला, "सोनूबाई, दगडानं हरवलं तुला." सोनूबाईंनी तो दगड पदरात बांधून घरी आणला. त्या म्हणत, "हरवलं न्हाय. त्यो बी फुटला न्हाय आन् मी बी." तीस वर्षे त्यांनी त्याच दगडाने लसूण ठेचला. आता मोतीबिंदूने त्यांना धूसर दिसे. पण बसल्या बसल्या त्यांचा अंगठा त्या खुणेवरून फिरत असे.

गणपतींच्या मनात आले, आईचा दगड आरशासारखा करून तिच्या हातात द्यावा. संघप्रियाच्या कॉलेजात दगडांचे प्रदर्शन होते, तिथे तो आईच्या नावाने मांडावा. सोनूबाईंना ते फारसे रुचले नाही. तरी पोराचा उतरलेला चेहरा महिनोन् महिने बघितलेली बाई ती. तिने दगड पुढे केला.

"घाल. पर ही खूण जाऊ द्यायची न्हाय. सांगून ठिवते."

"न्हाय जात आई. खोल हाय ती."

अशी ती गारगोटी माझ्या पोटात आली. मी तिला जपून फिरवावे म्हटले तरी डब्याला निवड नसते. पट्टा ओढतो, डबा फिरतो. महिन्याने ती बाहेर आली तेव्हा खूण शाबूत होती, पण अंगभर बारीक पांढरे ओरखडे. चकाकी नव्हतीच. माझ्या फटीत जाड पुडीचे कण लपून बसले होते आणि शेवटच्या पायरीपर्यंत एकेक करून बाहेर पडत होते. गणपतींनी मला तीन पाण्यांनी धुतले होते, पण फटीत पाणी पोहोचत नव्हते.

ओरखडे काढायचे तर परत पहिल्यापासून जाड पूड. दुसरा महिना गेला. परत ओरखडे. दगड लिंबाहून लहान झाला होता आणि खूण नखाच्या कडेएवढी उरली होती. त्या दिवशी संघप्रिया दगड उजेडात धरून म्हणाली, "पप्पा, आता राहू दे. चमक नसली तर नसली. आज्जीला चमक कुठं पायजे? तिला खूण पायजे."

पंचवीस वर्षे ओरखडा असलेला माल गणपतींनी बाजूला काढला होता. साहेब येण्याआधी स्वतःच 'रिजेक्ट'चा खडू मारला होता. ही सवय काही कारखान्याबरोबर बंद पडली नव्हती. ते म्हणाले, "असला माल माझ्या हातनं कधी बाहेर गेलाय व्हय? अजून एकदाच."

मित्रांनो, चूक तिथे झाली. आईने खूण सांभाळायला सांगितली होती, आणि ते चकाकीच्या मागे लागले होते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. चार बोल्ट आवळले गेले आणि मी पुन्हा फिरू लागलो. त्या खेपेला माझे रूळही कुरकुरत होते. मोटर तापून वास मारत होती. सगळ्यांनाच पुरे झाले होते, फक्त गणपतींना कळत नव्हते.

जाड पूड संपवून मला धुताना संघप्रियाने केसांतली पिन काढली आणि सहज अस्तराच्या सांध्यातून ओढली. काळी पूड भुरुभुरु बाहेर पडली. दोघे बघत राहिले. गणपतींनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी सांधा पुन्हा चिकटवला, दाबून वाळवला, आणि पुढच्या पायऱ्या निर्धोक पार पडल्या. महिन्याच्या शेवटी झाकण उघडले. गारगोटी पाण्याबाहेर काढली तरी ओलीच दिसत होती, एवढी चकाकी! तिच्या आत निळ्या पट्ट्या होत्या, त्या तीस वर्षांत कुणी पाहिल्या नव्हत्या.

खूण मात्र नव्हती. गणपतींनी दगड चारी बाजूंनी फिरवून बघितला. मग खाली बसले.

प्रदर्शनाला तो दगड गेला नाही. दोन दिवस त्यांनी तो खिशात ठेवला. सोनूबाई विचारायच्या, "झाला का रं?" आणि ते, "हुतोय, हुतोय," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाआधी ते आईपुढे जाऊन बसले आणि दगड तिच्या हातात दिला. सोनूबाईंचा अंगठा फिरू लागला. एकदा फिरला, उलटा फिरला, परत फिरला. तो शोधत होता. मला कोपऱ्यातून सगळे दिसत होते आणि मला त्या अंगठ्याकडे बघवत नव्हते.

"गणपा, ह्यो कुणाचा दगड?"

"तुझाच हाय आई. खूण गेली. माझ्या हातनं गेली." एवढे बोलून पन्नाशीचा तो माणूस आईच्या मांडीवर डोके ठेवून रडला.

सोनूबाईंनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "संघे, कॉटखालची हातोडी आण."

"आज्जी, काय करायलीस?"

"आण म्हणते न्हवं!"

उंबऱ्याच्या दगडावर गारगोटी ठेवून सोनूबाईंनी ती पायाच्या अंगठ्यांत धरली, जशी पूर्वी धरत तशी. पहिला घाव निसटला. दुसरा उंबऱ्यावर बसला. तिसरा बरोबर बसला, आणि त्यांना हवी होती तशी नुसती खूण उठली नाही. गारगोटीचे सरळ दोन तुकडे झाले.

सोनूबाईंनी दोन्ही तुकडे चाचपले. एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला कच्चे, खरखरीत. त्यांचा अंगठा त्या खरखरीत अंगावर गेला आणि तिथे थांबला.

"फुटलं बघ. दमलं हुतं बिचारं, फिरून फिरून." मग अंगठा तिथेच ठेवून म्हणाल्या, "ह्यो माझा घाव. आता कुणाला पुसायचा म्हटला तर पुसायचा न्हाय."

एक तुकडा त्यांनी ठेवून घेतला. दुसरा लेकाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली. "तू बी दमलायस गणपा. बंद कर ते यंत्र. अंग टाक जरा."

गणपतींनी उठून माझ्या मोटरची वायर भिंतीतल्या प्लगातून काढली. त्या दुपारी ते झोपले ते दिवेलागणीलाच उठले. पुढच्या आठवड्यात जोतीरामांच्या वर्कशॉपमध्ये कामाला जाऊ लागले, पगार निम्मा, पण लेथ तीच. मी माळ्यावर गेलो. संघप्रिया शिक्षिका होऊन चंदगडला गेली. दोन हजार चार साली सोनूबाई गेल्या. माझ्या अंगावर जुन्या गोधड्या आल्या, त्यावर पितळी पातेली आली, माझे रूळ गंजले, रबर वाळून चिरले. कुणी विचारपूस करत नाही, आणि मी कुणाला बोलवत नाही.

तरी मित्रांनो, कधीतरी कुणी मला खाली काढीलच. दगड घासायचा छंद चांगला आहे, तो जरूर करा. फक्त माझे दोन शब्द ऐका. माझा सांधा आधी टाचणीने साफ करा, नुसत्या पाण्यावर विसंबू नका. आणि दगड दुसऱ्याचा असेल, तर त्यावरचे काय राहायला हवे ते त्याला विचारा. त्याने सांगितले की तेवढे जपा, आणि 'आता पुरे' असे कुणी म्हणाले की झाकण लावू नका. मी स्वतः थांबू शकत नाही. तुम्ही थांबवाल तेव्हाच मी थांबतो.