फळ्यावरचा एक काना

मित्रांनो, माझा काळा रंग डब्यातला नाही. तो चोळून आणलेला आहे. मी एक जुना लाकडी फळा आहे. माझ्या लहानपणी दर शनिवारी दोन मुले तोंडलीचा पाला आणि कोळसा एकत्र वाटून माझ्या अंगाला फासत. वाळलो की मी असा काळाकुट्ट दिसायचो की नवा खडूसुद्धा माझ्यावर टेकताना बिचकायचा.

मदुरैजवळच्या एका गावात सुताराने मला कडुनिंबाच्या चार फळ्यांतून घडवले. सांधे ठोकताना तो म्हणाला होता, "सगळा कडूपणा याच्यातच राहू दे. शिकवणारा गोड असला म्हणजे झालं." शिकवणारे पोन्नय्या सर खरेच गोड होते. त्यांच्या अंगणातल्या शाकारलेल्या छपराखाली शिकवणी भरायची. मी तिथे सत्तावीस वर्षे उभा राहिलो. बेरजा, नकाशे, तिरुक्कुरळमधल्या ओव्या, बेडकाचे पोट, सगळे माझ्या अंगावरून गेले. सर पाहुण्यांना सांगत, "माझा फळा चुकत नाही. चुकतो तो मी."

पुढे दिवस बदलले. गावातल्या प्रत्येक घराला एक डॉक्टर हवा झाला. सरांच्या मुलाने छपराच्या जागी मोठी खोली बांधली आणि पांढरा गुळगुळीत फळा आणला. मला बाहेर, रस्त्याच्या कडेला, फाटकापाशी ठेवले. माझ्यावर आता धडे नव्हते. सूचना होत्या आणि मुलांचे गुण होते. भाताच्या खळीने गुणांचे कागद माझ्यावर चिकटवत, आणि खळीसाठी शेळ्या येऊन मला चाटत. मला वाईट वाटायचे, पण शेळ्यांचा राग यायचा नाही. गुण वाचून चेहरा न पाडणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

माझ्या बरोबर समोर वैरवनची परोट्याची गाडी होती. हा वैरवन हाताने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. त्याची बायको पेच्ची पाच वर्षांपूर्वी तापाने गेली. त्या संध्याकाळी गावात डॉक्टर नव्हता, आणि जवळचा डॉक्टर दोन बस बदलून होता. ती दुसऱ्या बसपर्यंत पोचली नाही. तेव्हापासून वैरवन एकच वाक्य बोलायचा, "माझ्या घरात डॉक्टर झाला पाहिजे." घरात दुसरे होतेच कोण? एकटी मुलगी, कुयिली.

कुयिलीला दहावीला पाचशेपैकी चारशे सत्तेचाळीस गुण मिळाले. गुणांचा कागद माझ्यावरच लागला होता. वैरवनने पीठ माखलेल्या बोटाने तो नीट वाचला आणि विचारले, "उरलेले त्रेपन्न कुठं सांडलेस?"

"वाटेत शेळीनं खाल्ले, अप्पा."

"तोंड बघा हिचं! नामक्कलच्या हॉस्टेलात जा, म्हणजे शेळी पण वळणावर येईल आणि तू पण."

नामक्कलकडच्या त्या हॉस्टेलात दोन वर्षे डॉक्टरकीची तयारी करून घेत. सकाळी साडेचारला घंटा, घरी फोन महिन्यातून एकदा. वैरवनने ट्रंक, बादली आणि चटई आणली होती. बुधवारी निघायचे ठरले होते. ट्रंकेवर स्वतःचे नाव कुयिलीनेच रंगवले, आणि ते इतके सुबक रंगवले की शेजारीपाजारी बघायला आले. तिचा जीव अक्षरांत होता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि माझ्यावरच्या सूचनाही तिच्याच हातच्या होत्या. तिला इथेच शाळेत राहायचे होते आणि पुढे कुंभकोणमला चित्रकला शिकायची होती. पण हे तिने फक्त मला सांगितले होते, सूचना लिहिता लिहिता, खडूच्या आवाजाखाली. फळ्याला सांगून काय उपयोग? मी ऐकतो, पण माझ्याकडून निरोप जात नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात चेन्नईहून सिनेमावाले आले. आईबाप मुलांना गुणांपायी कसे पिळतात, यावर त्यांचा सिनेमा होता. दिग्दर्शक इळमारन याला माझ्यासारखा जुना फळा हवा होता. पोन्नय्या सरांनी त्यांना रविवारी रिकामा वर्ग द्यायचे कबूल केले आणि कुयिलीला म्हणाले, "फळ्यावर लिही, रविवारी सिनेमाचं काम आहे, कुणी येऊ नका."

तिने मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले, "रविवार : पडम". आमच्याकडे पडम म्हणजे सिनेमा आणि पाडम म्हणजे धडा. दोघांत फरक फक्त एका कान्याचा. आणि कान्याला इथले लोक म्हणतात पाय.

संध्याकाळी वैरवन गाडी लावायला आला. तो तिसरीपर्यंत शिकलेला. एकेक अक्षर जोडत त्याने वाचले आणि कपाळावर हात मारला. "डॉक्टर व्हायला निघालीय आणि शब्दाला पाय द्यायला विसरली! लंगडा शब्द फाटकात उभा करून गेली." त्याने खाली पडलेला खडू उचलला आणि माझ्यावर ठसठशीत काना ओढला. रेघ जरा वाकडी आली, पण चेहऱ्यावर समाधान असे की जणू त्याने कुणाचा मोडलेला पाय बसवला.

झाले! रविवारी आठ वाजता चाळीस मुले गणवेशात, वह्या-डबे घेऊन हजर. जादा तास म्हटल्यावर आईबाप हौसेने पोचवायला आलेले. सिनेमावाल्यांची गाडी आली तर आत उभे राहायला जागा नाही. सर माझ्याकडे बघू लागले, कुयिली माझ्याकडे बघू लागली.

"हा पाय कुणी दिला?" सरांनी विचारले.

"मी!" वैरवन छाती काढून पुढे आला. "पोरीची चूक सुधारली."

मग जे हसू उसळले ते रस्त्याच्या टोकापर्यंत गेले. शेवटी इळमारनच म्हणाला, "राहू द्या सगळ्यांना. एवढी खरी गर्दी मला चेन्नईत मिळाली नसती." मला उचलून आत नेले. किती वर्षांनी मी वर्गात पाऊल टाकले! कुणीतरी तोंडलीचा पाला शोधून आणला आणि माझे अंग पुन्हा काळेभोर केले.

प्रसंग असा होता. निला नावाच्या आठ वर्षांच्या मुलीला बासष्ट गुण मिळतात. बाप फळ्यावर ते वाचतो आणि सगळ्या वर्गासमोर तिला फाडून खातो. मास्तरांसारखे अक्षर हवे म्हणून कुयिलीने माझ्यावर लिहिले, "निला : ६२". पण बापाचे काम करणारा नट वाटेत अडकला. त्याच्या गाडीचे चाक फुटले होते. तोवर दिवे आणि आवाज जुळवायला त्याच्या अंगलटीचा माणूस पाहिजे होता. साऱ्या वर्गाने एका सुरात ओरडून वैरवनला पुढे ढकलले.

"काय बोलू?" तो लाजला.

"गुण कमी आले की बाप बोलतो तेच, अण्णा," इळमारन म्हणाला. "जरा जोरात."

वैरवनने घसा साफ केला. निलाचे काम करणारी मुलगी तरबेज होती. तिने मान खाली घातली आणि टपटप आसवे गाळली. हे नाटकातले पाणी आहे, हे वैरवनच्या ध्यानातच आले नाही. तो मटकन खाली बसला.

"अगं, अगं, रडतेस कशाला, कण्णू? बासष्ट म्हणजे काय थोडे झाले? मला तर आयुष्यात कुणी बारा दिले नाहीत. आणि तरी बघ, सगळा गाव माझ्या हातचं खातो. डोळे पूस. परोटा खातेस?"

निला रडता रडता फिसकन हसली. "रस्सा पण देणार?"

"हवा तेवढा."

"थांबा, थांबा!" इळमारन डोके धरून ओरडला. "अण्णा, रागवायचं होतं!"

"एवढ्याशा लेकरावर? कुणाच्या तोंडून निघेल, सांगा बरं?"

मुले खो खो हसत होती. कुयिली माझ्याशेजारी खडू धरून उभी होती. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडून निघतं, अप्पा. मी चारशे सत्तेचाळीस आणले, तर तुम्ही सांडलेले विचारलेत. मला पण दुसऱ्याची पोर समजा ना एखाद्या दिवशी."

हसू थांबले. मागे उभे असलेले आईबाप आपापल्या चपला न्याहाळू लागले. वैरवन उठून बाहेर गेला. खिडकीतून मला तो दिसत होता. परोट्याची गाडी संध्याकाळी लागते, पण त्याने सकाळी दहा वाजता मैदा काढला आणि मळत बसला. मळत राहिला. मग खरेच परोटे भाजून, केळीच्या पानावर घेऊन आत आला. एक पान निलाला दिले. दुसरे कुयिलीपुढे धरून उभा राहिला.

"तुला काय शिकायचंय?" त्याने विचारले.

"अक्षरं. चित्रं. कुंभकोणमला कॉलेज आहे." मग ती घाबरत म्हणाली, "पण अम्माची इच्छा होती ना, डॉक्टर..."

वैरवनने पान तिच्या हातात ठेवले. "डॉक्टर मी म्हणालो," तो म्हणाला. "तिच्या नावावर खपवलं. बसमध्ये ती एवढंच म्हणाली होती, पोर वेळेवर जेवते का बघा." त्याने डोळे दंडाला पुसले. "तेवढं सुद्धा मी नामक्कलवाल्यांवर टाकून मोकळा होणार होतो. जेव, गार होतंय."

बुधवारची बस कुयिलीला न घेता गेली.

सिनेमा सहा महिन्यांनी गावच्या टॉकीजमध्ये लागला. मी काही गेलो नाही, पण दुसऱ्या दिवशी फाटकापाशी दुसरे बोलणेच नव्हते. इळमारनने तो प्रसंग बदलला होता. पडद्यावरच्या नटाने "परोटा खातेस?" म्हटले, तसा वैरवन खुर्चीवर उभा राहून ओरडला होता, "हे माझं वाक्य आहे!" आता गाडीवर येणारा प्रत्येक जण त्याला विचारतो, "काय हीरो, रस्सा देणार का?" तोही ऐटीत म्हणतो, "आधी रडून दाखव."

मला पुन्हा दर शनिवारी अंग चोळून मिळते. रविवारी कुयिली लहान मुलांना माझ्यावर अक्षरे गिरवायला शिकवते. मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद भिंतीला टेकून उभा असेल. त्याला ओल्या फडक्याने पुसा, खिळे ठोकू नका. आणि तुमच्या गुणांचा कागद घरी पोचेल त्या दिवशी आईबापांना अगोदरच सांगून ठेवा, "आज संध्याकाळपुरतं मला शेजाऱ्यांचं पोर समजा." बघा, सगळ्यात आधी ते तुम्हाला जेवायला बसवतील.