हासेलटालच्या शेगड्याने ऐकलेली उणीदुणी

मी एक जुना शेगडा आहे. कारखान्यात काम केलेली माणसे मला व्हाइस म्हणतात. मला दोन लोखंडी जबडे आहेत आणि एक दांडा. दांडा फिरवला की माझे जबडे जवळ येतात आणि मधल्या वस्तूला असे धरतात की ती तसूभरही हलत नाही. मित्रांनो, माझे सारे आयुष्य या धरून ठेवण्यात गेले आणि मला त्याचा जराही कंटाळा आलेला नाही.

माझा जन्म जर्मनीच्या दक्षिणेला, श्वाबियाच्या डोंगरातल्या हासेलटाल या खोऱ्यात झाला. माझे अंग खालच्या ओतशाळेत ओतले, जबडे सरकवणारा आट्यांचा पेच ओढ्यापलीकडच्या कारखान्यात कापला आणि दांडा चर्चमागच्या गल्लीत घडला. या खोऱ्यात शेती धड होत नाही, जमिनीखाली कोळसा नाही आणि हिवाळा मेला संपता संपत नाही. म्हणून इथल्या लोकांनी पूर्वीपासूनच हातांना कामाला लावले. कोणी घड्याळाचे भाग करतो, कोणी डॉक्टरांच्या कात्र्या, कोणी पंपाच्या झडपा. एकेका कारखान्यात जेमतेम दहा-वीस माणसे, पण त्यांचा माल साऱ्या जगात जातो.

या छोट्या कारखान्यांनी मिळून एक कार्यशाळा काढली. शाळा संपवलेली मुले-मुली तिथे काम शिकायला येतात आणि त्यांचा पहिला धडा माझ्यापाशी होतो. माझ्या जबड्यात लोखंडाचा ठोकळा आणि त्यांच्या हातात कानस. ठोकळा घासून घासून सपाट करायचा, तोही एक-दोन दिवस नव्हे, कित्येक आठवडे. तळहाताला फोड येतात, मुले रडकुंडीला येतात. वस्ताद ठोकळ्यावर पोलादी पट्टी ठेवतात, खिडकीकडे धरतात आणि पट्टीखालून उजेडाची बारीकशी रेघ दिसली तरी म्हणतात, "परत."

आणि रेघ दिसली नाही तर? तर काहीच म्हणत नाहीत. इथे कौतुक करायची पद्धतच नाही. बायकोने केलेले मसूर आणि शेवया नवऱ्याने मुकाट्याने संपवले, की जेवण फक्कड झाले असे समजायचे. फारच खूश झालेला माणूस "चालेल" म्हणतो आणि मग आपण वाहवत तर गेलो नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतो. मला हे लोक फार आवडतात, पण बाहेरून आलेल्याला त्यांच्याशी जमवून घेणे जड जाते.

गेबहार्ड हेर्ले असेच माझ्यापाशी शिकले आणि पुढे तिथलेच वस्ताद झाले. उंच, वाकलेला माणूस, चेहरा कायम आंबट. खोऱ्यातले निम्मे कारागीर त्यांच्या हाताखालून गेले. त्या वर्षांत माझा दांडा क्वचितच थंड पडत असे, आणि शनिवारी कार्यशाळा झाडून झाली की मला तेलाच्या फडक्याने पुसत. ते दिवस सुखाचे होते.

मग संगणकावर चालणारी मोठी यंत्रे आली. आईबाप म्हणू लागले, पोरांनी हात काळे कशाला करायचे? मुले कमी झाली. माझ्या शेजारचे शेगडे एकेक करून भंगारात गेले. माझ्या जबड्यात कोणीतरी नाताळची मेणबत्ती रोवली, ती उन्हाळा आला तरी तशीच होती. माझ्या पेचावर गंज चढला. मित्रांनो, तेव्हा मी मनातून खचलो होतो.

शेवटी कार्यशाळेचा खर्च उचलणाऱ्या नगरपालिकेने ठरवले की खोऱ्यात एखादा मोठा कारखाना आला आणि त्याने शिकायला मुले पाठवली, तरच कार्यशाळा चालू ठेवायची. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात कुलूप. त्याच सुमाराला इस्पितळांसाठी पंप बनवणारी एक डॅनिश कंपनी जागा शोधत होती. तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक आमचे खोरे आणि दुसरी दूरच्या एका बंदराजवळची, तिथे जमीन जवळपास फुकट मिळत होती. कंपनीच्या प्रमुख किर्स्टन लाउरिडसन आमचे खोरे बघायला यायच्या होत्या.

आदल्या दिवशी नगराध्यक्षा उर्झुला बेटशर आल्या. त्या आणि वस्ताद एका वर्गात शिकलेले. वस्ताद नऊच्या सुट्टीत ब्रेत्सेल नावाचा वेटोळ्याचा खारा पाव कापून त्याला लोणी लावत बसले होते.

"गेबहार्ड, उद्या तू गोड बोलायचंस," त्या म्हणाल्या.

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? आपल्याकडे जे चांगलं आहे तेवढंच सांग."

"चांगलं ते दिसतंच की माणसाला. ते काय सांगायचं?"

"तुझी कार्यशाळा वाचवायची आहे ना? मग सांगायचं."

वस्तादांनी कशीबशी मान डोलावली. त्या गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर उभे राहून सराव केला. "आमचं खोरं फार छान आहे," असे ते दोनदा पुटपुटले आणि त्यांचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी लाउरिडसनबाई आल्या. साधा कोट, पायात चालायचे बूट, नजर चौकस. त्यांनी विचारले की इथे कारखाना काढला तर कसे होईल. वस्तादांनी घसा साफ केला, तोंड उघडले. पण त्या तोंडातून गोड शब्द बाहेर येईना.

"जमीन महाग आहे," ते म्हणाले. "धुकं असतं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ट्रकवाला वैतागतो. आणि तो ओट, खोऱ्याच्या वरच्या अंगाला हत्यारांना धार लावतो तो, त्याच्या नादी लागू नका. सकाळी काम पाठवलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी माल देतो. त्याचा बाप संध्याकाळी द्यायचा."

"दुसऱ्या दिवशी?" बाईंनी विचारले.

"मी त्याला चार शब्द सुनावलेत."

नगराध्यक्षाबाई मागे उभ्या राहून डोळे वटारत होत्या. वस्तादांना आता जोर चढला होता.

"पोलाद कडक करून देते ती रॉइशले. ओढ्यापलीकडे. फार तोंडाळ बाई. मालाचा नकाशा पटला नाही तर फोन करून झापते. गेल्या वर्षी माझा सगळा माल अडवून ठेवला. म्हणे, एका कोपऱ्याला तडा जाईल."

"गेला असता तडा?"

"गेला असता. म्हणून काय असं बोलायचं?"

लाउरिडसनबाईंनी हसू दाबले आणि कामगारांविषयी विचारले. इतकी शिकवलेली माणसे सोडून जातात का?

"जात नाहीत हो, तीच तर कटकट आहे. म्हातारी होईपर्यंत राहतात आणि रोज मालकाशी वाद घालतात. प्रत्येकाला वाटतं, यंत्र आपल्यालाच जास्त कळतं."

नगराध्यक्षाबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना वाटले, सगळे मुसळ केरात गेले. मलाही तसेच वाटले. बाईंनी मात्र माझ्याकडे बोट दाखवून विचारले की यंत्रे सगळे आपोआप करत असताना हे हाताने घासणे कशाला शिकवता.

 वस्तादांनी माझ्या जबड्यातली मेणबत्ती उपटली.

"यंत्र चुकलं तर ते ओळखायचं कुणी?" ते हळूच म्हणाले. "हाताला आधी कळावं लागतं, सरळ म्हणजे काय ते. मला त्याशिवाय दुसरं काही शिकवता येत नाही, बाई. हे बंद झालं, तर मी घरी बसून काय करू, मला खरंच माहीत नाही."

इतकी वर्षे मी त्यांना ओळखतो, पण त्यांचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता.

लाउरिडसनबाईंनी कोट काढला आणि बाह्या सरसावल्या. वस्तादांनी ठोकळा ठेवून माझा दांडा फिरवला. पेच करकरला आणि मी जीव खाऊन ठोकळा धरला. बाई घासू लागल्या. वस्तादांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "परत." पुन्हा घासले, पुन्हा "परत." जेवणाची वेळ टळून गेली. नगरपालिकेने मागवलेले जेवण तिकडे गार झाले. शेवटी एकदा वस्तादांनी पट्टी धरली, खिडकीकडे बघितले आणि काही बोललेच नाहीत.

"आता काय झालं?" बाईंनी नगराध्यक्षांना विचारले.

"खूश आहे तो," नगराध्यक्षाबाई म्हणाल्या. "याहून जास्त तो बोलत नाही."

हात पुसता पुसता बाई म्हणाल्या, "त्या बंदरावर सगळ्यांनी मला सांगितलं की आमच्याकडे सगळं उत्तम आहे. फळांची टोपलीसुद्धा दिली. पण काही बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, ते कुणालाच सांगता येईना. तुम्ही मला फक्त बिघाड सांगितले, आणि प्रत्येक बिघाडापाशी तो दुरुस्त करणारा माणूस उभा आहे. माझे पंप आजारी माणसांना लावतात. मला अशीच तोंडाळ माणसं लागतात."

पुढच्या आठवड्यात नगराध्यक्षाबाईंचा फोन आला. कारखाना हासेलटालमध्ये येणार होता, आणि शिकायला पहिली तुकडी शरदातच. वस्ताद फोनवर "बरं" एवढेच म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते माझ्यापाशी आले, तेलाचे फडके घेतले आणि माझा पेच पुसू लागले. एकेक आटा, सावकाश. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्यांनी पुसले नाही.

"आता ती पोरं येणार," ते कुरकुरले, "आणि कानस लाटण्यासारखी धरणार."

मित्रांनो, इतक्या आनंदाने केलेली तक्रार मी दुसरी ऐकली नाही. तुमच्याही घरात एखादे जुने अवजार असेल. ते काचेमागे मांडून ठेवू नका, त्यात मेणबत्ती तर मुळीच रोवू नका. पुसा, तेलाचे दोन थेंब घाला आणि त्याला कामाला लावा. आणि तुमची चूक दाखवून झाल्यावर ती सुधारेपर्यंत तुमच्याशेजारी उभे राहणारे एखादे आंबट तोंडाचे माणूस असेल, तर त्यालाही जपा.