सामोसची ढाल

भिंतीवर टांगलेली ही पोचे पडलेली जुनी ढाल दिसते ना, मित्रांनो, ती मी. जन्म ग्रीकांच्या सामोस बेटावरचा. अंग लाकडाचं, वर काशाचा पत्रा. माझा मालक देक्सिलास भाडोत्री शिपाई म्हणून इजिप्तचा राजा फारो याच्या चाकरीत आला आणि आम्ही दोघे नील नदीकाठच्या छावणीत रमलो. त्याने तामीत नावाच्या इथल्याच मुलीशी लग्नही केलं.

आम्हा ग्रीकांची लढायची रीत न्यारी. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. ढाल अर्धी मालकाला झाकते, अर्धी त्याच्या डावीकडच्या सोबत्याला. आमच्या डावीकडे फिलिस्कोस असे. शिरस्त्राण हरवलं तर कोणी काही म्हणत नाही. ढाल टाकली, तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पुढे बरीच वर्षं शांततेत गेली. तपासणीच्या दिवशी देक्सिलास मला वाळूने असा घासायचा, की सरदार माझ्यात बघून दाढी नीट करायचे. मी फुलून जायचे. आतला, हात अडकवायचा कातडी पट्टा मात्र सुकून तडकत चालला होता. फिलिस्कोसच्या ते नजरेला आलं.

"अरे, नुसतं तोंड काय घासतोस? पट्ट्याला तेल लाव!"

"जैतुनाचं तेल इथे मिळतंय कुठे? आणि एरंडेल लावलं तर घरभर वास सुटेल. तू तुझी ढाल सांभाळ, आजीबाई!"

शेवटी पूर्वेकडून शत्रू चालून आला. ऐन रेटारेटीत पट्टा तुटला. मी खाली घसरले आणि फिलिस्कोसची उजवी कूस उघडी पडली. समोरचा भाला नेमका तिथेच रोखलेला. माझा जीव अर्धा झाला. देक्सिलासने हातातला भाला टाकला, मला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि सोबत्याच्या आड धरलं. घाव माझ्यावर बसला. हा मोठा पोचा त्याचाच.

परतल्यावर फिलिस्कोसने हकिकत सांगितली. तामीत म्हणाली, "मला नाही हो यांनी कधी इतकं घट्ट धरलं!" सगळे पोट धरून हसले. एकटा देक्सिलास हसला नाही. "माझ्या आळसापायी तू गेला असतास रे," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

आता मला नवा पट्टा आहे, अंगाला एरंडेलाचा वास आहे आणि मी सुखात आहे. मित्रांनो, आपली वस्तू चमकवा, जरूर चमकवा. पण तिच्या भरवशावर शेजारी कोण उभं आहे, ते एकदा वळून बघा, आणि मग तेलाची वाटी हातात घ्या.