फिरून विचारू नये

नेरच्या घरी रजनीबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. शेजारी थोरली लेक भैरवी, नुकतीच इंग्लंडहून माहेरी आलेली. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. कसं, ते तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज ती आपण होऊन बोलली. "आई, पोटात हालचाल कमी झालती, म्हणून म्या दवाखान्यात फोन केलता. तुमचे जावई अभिषेक ऑफिसात होते. तिकडची गोरी नर्स भरभर बोलली. मले अर्धंच समजलं."

"मंग?"

"मी नुसतं यस, यस म्हणत गेली. मले वाटलं, उद्या या म्हणते. तिनं तवाच्या तवा बोलावलं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेली, तवर उशीर झालता."

रजनीबाईंचं सूप थांबलं. "अवं, पण इंग्रजीच्या क्लासात शिकवलं होतं ना तुले? समजलं नाही, पुन्हा सांगा, हळू बोला?"

"पाठ होतं. ओठावर आलतं बी. पण मोठ्या माणसाले फिरून विचारू नये, हे त्याच्या आधीचं पाठ होतं, आई."

खरंच होतं ते. या घरात लेकीनं एकदा ऐकायचं आणि हो म्हणायचं. बघण्याच्या कार्यक्रमात भैरवीनं होणाऱ्या सासूला "काय म्हणाल्या?" विचारलं, तेव्हा रजनीबाईंनीच पदराआडून चिमटा काढला होता. पोरगी शब्दाबाहेर नाही, म्हणून सोयरे खूश झाले. विलायतेला धाडायचं म्हणून इंग्रजीचा क्लास लावला, अन् जीभ मात्र घरीच बांधून ठेवली. धन्य त्या वळणाची! आपला चिमटा थेट त्या फोनपर्यंत पोचला, हे रजनीबाईंना कळून चुकलं.

तेवढ्यात बाहेर निघालेले सदाशिवराव धाकट्या अपेक्षाला काहीतरी सांगून चपला घालू लागले.

"काय म्हणलं, बाबा?"

"एकदा सांगतलं ना? फिरून कायले विचारतं?"

"हो," अपेक्षा मान खाली घालून म्हणाली.

रजनीबाई उठल्या. सुपातली तूर अंगणभर सांडली.

"हो नको म्हणू. समजलं नाही तं विचार." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. उभ्या जन्मात त्या असं बोलल्या नव्हत्या. "अहो, सांगा तिले पुन्हा. या घरातलं एक लेकरू हो म्हणण्यापायी गेलं."

सदाशिवराव बायकोकडं पाहत राहिले, मग भैरवीकडं. शेवटी ते अपेक्षाकडं वळले.

"टाकी भरली की मोटर बंद कर, म्हणलं," ते हळू म्हणाले.

पुन्हा सांगायला एवढाच वेळ लागला. ते ऐकून भैरवीनं तोंडावर ओढणी घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.