चिमणीच्या मनाची वही

“रडायचं असेल तर नळ सोडून रड गं बाई, पाण्यात पाणी मिसळून जातं.” माहेरच्या मोरीत भांडी घासता घासता आई हे म्हणाली, त्याला वीस वर्षं झाली. लेकीनं पक्की खूणगाठ बांधली.

आता तीही आई होती. घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. तिची चिमणी आठ वर्षांची. गुणसूत्रांत जन्मतःच काही कमी-जास्त झालेलं, म्हणून शब्द ओंजळभर; हसू मात्र हंडाभर.

लेकीला सांगता येत नाही, तर तिच्या मनाचं रोज तुम्हीच लिहा, असं म्हणून डॉक्टरबाईंनी वही दिली होती. महिनाभर मशीनवरून उठून तिनं इमानेइतबारे लिहिलं.

आज डॉक्टरबाई वाचत होत्या. “पहाटेच जाग येते. घास गिळवत नाही. कशात जीव रमत नाही. उगाच डोळे भरतात.” त्यांनी चष्मा काढला. “चिमणी फार उदास आहे हो. औषध सुरू करू या.”

“कोण, ही?” सोबत आलेली नणंद उसळली. “अहो, काल माझी चप्पल फ्रिजमध्ये ठेवून टाळ्या पिटत बसली होती! सकाळी हिला उठवायला ढोल बडवावा लागतो. वहिनी, अगं कुणाचं लिहून आणलंस हे?”

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं वही ओढून पानं उलटली. चिमणीची म्हणावी अशी एकच नोंद होती: हात चावून घेते. कधी, ते लिहिलं नव्हतं. आई मशीनपाशी नुसतीच बसून राहिली की चावायची.

“मग? लिहू ना औषध?” डॉक्टरबाईंचं पेन कागदावर टेकलं.

नुसतं ‘हो’ म्हटलं की ती सुटत होती. नणंदेपुढं झाकली मूठ राहिली असती. गोळी तेवढी चिमणीच्या पोटात गेली असती.

चिमणी मांडीवर चढली. जिभेनं बोट ओलं करून आईच्या भुवया नीट बसवू लागली. आधी उजवी, मग डावी.

“नका लिहू,” आई म्हणाली. “ते सगळं माझं आहे. डॉक्टरबाई, मला जाग आली तरी उठावंसंच वाटत नाही हो. कधी कधी हिला जवळसुद्धा घ्यावंसं वाटत नाही. फार दिवस झाले.”